हवा वेगळी, हवामान वेगळं: मराठी संपादकांना खुलं पत्र

मराठी वृत्तपत्रांच्या सर्व संपादकांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात तुमच्यापैकी एकाच्या वाचकांच्या पत्रव्यवहाराला मी एक पत्र पाठवलं होतं. शब्दमर्यादा १५०. माझे १४६ भरले. मोजून पाठवायची सवय आहे. बराचसा मजकूर आमच्या भागातल्या ओढ्याच्या सफाईबद्दल होता आणि शेवटची दोन वाक्यं पावसाबद्दल: रात्रीतून किती मिलिमीटर पडला, आणि असा पाऊस आता पूर्वीपेक्षा जास्त वेळा का पडतो. पत्र छापून आलं, मथळा 'ओढ्याची सफाई कधी?', आणि नेमकी ती दोन वाक्यं गळालेली. जागेची अडचण असेल म्हणून मी गप्प बसले. पुढच्याच महिन्यात त्याच वृत्तपत्राने पंधरा दिवसांतून एकदा येणारं पर्यावरणाचं अर्धं पान बंद केलं. दोन ओळींची सूचनाही नाही. त्या जागी घरांची रंगीत पुरवणी सुरू झाली आणि तिच्या पहिल्याच अंकात पानभर जाहिरात होती ती ओढ्याला खेटून उभ्या राहणाऱ्या इमारतींची. 'रिव्हर व्ह्यू' म्हणे. ओढ्याला रिव्हर म्हटलं की चौरस फुटाचा भाव चढतो. इतकं किफायतशीर भाषांतर मला आयुष्यात जमलेलं नाही.

म्हणजे जागा होती. म्हणून हे पत्र, आणि या वेळी शब्दमर्यादा माझी.

एकाच वृत्तपत्राशी भांडण असतं तर वर्गणी बंद करून मोकळी झाले असते. पण आमच्या घरी आलटून पालटून तुम्ही सगळेच आलात, आणि गल्लीतल्या बातमीतून बदलत्या हवामानाचा धागा गाळायची ही खोड तुम्हा सगळ्यांची आहे.

मी जर्मनची भाषांतरकार. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळच्या वर्गांना जर्मन शिकले. त्याच आवारात पत्रकारितेची मुलं शिकायची, त्यांतली काही आज तुमच्या टेबलांवर असतील. चाकणच्या कारखान्यांत जी यंत्रं येतात त्यांच्या माहितीपुस्तिका मी मराठीत आणते. जर्मन पुस्तिकांत धोक्याच्या सूचनेला चार वेगळे शब्द असतात. गेफार म्हणजे ऐकलं नाही तर माणूस जाणारच. वार्नुंग म्हणजे जाऊ शकतो. फोरझिष्ट म्हणजे हात कापेल. हिनवाइस म्हणजे माणसाला काही होणार नाही, यंत्र बिघडेल. सुरुवातीला मी चारही ठिकाणी 'सावधान' लिहिलं होतं. आख्खी फाइल परत आली, लाल होऊन. तेव्हापासून शब्दाची किंमत कळली. आणि तेव्हापासूनच सकाळी चहाबरोबर तुमची पानं वाचताना हात शिवशिवतो. हवामान विभाग पिवळा, नारंगी, लाल अशा पायऱ्या लावून देतो. तुमच्या मथळ्यात तिन्हींचा 'इशारा' होतो. विभागाच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून पुढे अतिजोरदार, आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. तुमच्याकडे मुसळधार, धुवाधार, धो-धो, आणि 'पावसाने झोडपले'. महसूल मंडळात ६५ मिलिमीटर झाला तरच अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्याला तलाठी येतो, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. त्याचं पोट ज्या आकड्यावर आहे तो आकडा बातमीत नसतो, झोडपणं असतं.

माझा या सगळ्याशी संबंध नुसत्या भाषेपुरता असता तरी मी लिहिलं नसतं.

आम्ही मूळचे पुण्याच्या नारायण पेठेतले. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, मग खडकवासला फुटलं, आणि आजोबांचं घर गेलं. पूरग्रस्तांना ज्या वसाहतींत जागा मिळाली त्यांत सहकारनगर होतं. आम्ही तिथे आलो. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आंबिल ओढा. कात्रजच्या डोंगरातून निघतो आणि मुठेला मिळतो. पेशव्यांनी त्याचा प्रवाह एकदा वळवला, पुढे महापालिका आणि बिल्डर मंडळींनी तो नुसता वळवला नाही, आवळला. पानशेतच्या वेळी वीस वर्षांचे असलेले बाबा तेव्हापासून कात्रणं जमवायला लागले. पुरानंतरच्या आठवड्यांतली वृत्तपत्रं, नंतरच्या चौकशीच्या बातम्या, सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत, वर पुठ्ठ्यांच्या फायली.

२५ सप्टेंबर २०१९, बुधवारची रात्र. साडेदहाच्या पुढे ओढा आमच्या गल्लीत आला. गाड्या एकमेकींवर चढल्या, टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. त्या रात्रीच्या पावसाने शहर आणि आसपास मिळून वीसहून जास्त बळी घेतले. आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे रात्र काढली, म्हणून आहोत. सकाळी खाली आलो तर ट्रंक पलंगाखालून निघून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन अडकली होती. पुढचे चार दिवस बाबा एकच काम करत होते. कात्रण सुटं करायचं, जुन्या साडीवर पसरायचं, वर दुसरं कापड, आणि मंद इस्त्री. मग दोरीवर, कपड्यांच्या चिमट्याने. १९६१ च्या कागदावर चिखलाचे तपकिरी नकाशे उमटले होते, शाई मात्र जागची हलली नव्हती. पानशेतच्या पुराची बातमी आंबिल ओढ्याच्या पुराने भिजून आमच्या गॅलरीत वाळत होती. खाली गल्लीत पोरं ताजं वृत्तपत्र टाकून गेली.

त्या ताज्या वृत्तपत्रांत काय होतं ते मी तेव्हाच वहीत उतरवून ठेवलं, कारण बाबांच्या ट्रंकेत आता जागा नव्हती. पहिल्या पानावर निसर्गाचा कोप आणि ढगफुटी. शहराच्या पानावर ओढ्यातली अतिक्रमणं, महापालिकेचा ढिसाळपणा, नगरसेवकांची आरोपांची फुगडी. आणि आत, परदेशाच्या पानावर, न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांची हवामानविषयक परिषद झाल्याची आणि ग्रेटा थनबर्ग जागतिक नेत्यांवर बरसल्याची बातमी. परिषद २३ सप्टेंबरला झाली, आम्ही बुडालो २५ ला. एकाच अंकात तीन पानं, तिन्ही एकाच गोष्टीची, आणि एका पानाला दुसऱ्याचा पत्ता नाही. माझी सगळी तक्रार या एका वाक्यात आहे. बाकीचं पत्र तिचा पंचनामा.

पोटासाठी मला परदेशी वृत्तपत्रं वाचावी लागतात, तर तिकडे हा विषय कसा मांडतात ते आधी सांगते. तिकडचं सगळं सोनं आहे असं म्हणायचं नाही.

जर्मनीत देअर श्पीगल या साप्ताहिकाने ऑगस्ट १९८६ मध्येच मुखपृष्ठावर कलोनचं कॅथीड्रल अर्धं समुद्रात बुडालेलं दाखवलं होतं, वर शब्द 'क्लिमा-काटास्ट्रोफं', हवामानाचं महासंकट. म्हणजे तिथे गोष्ट प्रलयाच्या चित्राने सुरू झाली. जुलै २०२१ मध्ये आर नदीच्या खोऱ्यात पूर आला आणि जर्मनीत १८० हून अधिक माणसं गेली. ती वृत्तपत्रं मी रोज वाचत होते, कारण मला आंबिल ओढाच दिसत होता. त्यांनी दोन प्रश्न एकाच पानावर, बऱ्याचदा एकाच बातमीत विचारले. भोंगे का वाजले नाहीत, जिल्हाप्रमुखाने माणसं वेळेवर का हलवली नाहीत, हा एक. तापलेल्या हवेने पाऊस किती वाढवला, हा दुसरा. सहा आठवड्यांत शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाचं उत्तरही आलं: त्या भागात असा पाऊस ३ ते १९ टक्क्यांनी जास्त तीव्र झाला आहे. आकड्याची रुंदी बघा, ३ ते १९. तरी त्यांनी तो छापला, वाचकाला झेपेल असं धरून.

त्याच जर्मनीत खपाने मोठं असलेलं बिल्ड हे दैनिक २०२३ मध्ये घर तापवण्याच्या नव्या कायद्याला 'हाइत्स-हामर' म्हणत राहिलं. हीटिंगचा हातोडा, सामान्य माणसाच्या टाळक्यात. कायदा शेवटी बराच पातळ झाला. तिथे भाषेची काही जाणकार मंडळी दर वर्षी एक 'कुशब्द' निवडतात. सार्वजनिक बोलण्यातला सर्वांत विखारी शब्द. २०१९ चा होता 'क्लिमाहिस्टेरी', म्हणजे हवामानाचा उन्माद, २०२२ चा 'क्लिमाटेरोरिस्टन'. हवामानासाठी रस्त्यावर बसणाऱ्या पोरांना दहशतवादी म्हणायचं, हे काही आपलंच वैशिष्ट्य नाही.

अमेरिकेचा रोग वेगळा. २४ जून १९८८ ला न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी होती की तापमानवाढ सुरू झाली आहे, असं जेम्स हॅन्सन यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं. चांगली सुरुवात. मग 'दोन्ही बाजू' आल्या. बॉयकॉफ आडनावाच्या दोघा भावांनी २००४ मध्ये चार मोठ्या वृत्तपत्रांच्या १९८८ ते २००२ च्या बातम्या तपासल्या. निम्म्याहून अधिक बातम्यांत शास्त्रज्ञांना आणि माणसामुळे होणारी तापमानवाढ नाकारणाऱ्यांना साधारण सारखी जागा होती. पत्रकारितेचा सद्गुणच इथे दोष ठरला. त्यात राजकारण्यांनी शब्दाची कारागिरी केली: फ्रँक लुन्ट्झ या सल्लागाराचं एक टिपण २००३ मध्ये बाहेर आलं, त्यात रिपब्लिकन नेत्यांना सांगितलं होतं की 'ग्लोबल वॉर्मिंग' म्हणू नका, 'क्लायमेट चेंज' म्हणा, ते कमी भीतिदायक वाटतं. ब्रिटनमध्ये २०१८ साली बीबीसीने आपल्याच लोकांना लेखी कळवलं की समतोलासाठी नाकारणारा माणूस शोधून आणायची गरज नाही. २०१९ च्या मे महिन्यात गार्डियनने आपली शब्दांची नियमावली बदलली. 'बदल' या मऊ शब्दाआधी आणीबाणी, संकट हे शब्द वापरायचे, 'वॉर्मिंग'ऐवजी 'हीटिंग'. त्याआधीच्या महिन्यापासून त्यांच्या हवेच्या चौकटीत कार्बन डायऑक्साइडचा आकडा छापायला सुरुवात झाली होती. पुढच्या जानेवारीत त्यांनी तेल आणि वायू कंपन्यांच्या जाहिराती घेणं बंद केलं. फ्रान्समध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये पत्रकारांनी स्वतःसाठी एक सनद लिहिली. तिच्यात शब्दांबरोबर छायाचित्रांचाही मुद्दा आहे. त्या उन्हाळ्यात जंगलं जळत असताना उष्म्याच्या बातमीला कारंज्यात खेळणाऱ्या मुलांचे फोटो लागत होते, त्यावर तिकडे बरीच चर्चा झाली होती.

आपल्याकडे नाकारणारे फारसे कधी नव्हतेच. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स संस्थेतले जेम्स पेंटर यांनी २०११ मध्ये सहा देशांची वृत्तपत्रं तुलनेला घेतली, भारतही होता त्यात. शंकेखोरांची गर्दी मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनमध्ये सापडली. भारत, ब्राझील, चीन, फ्रान्समध्ये तुरळक. आपल्या वृत्तपत्रांची चौकट दुसरीच आहे: पाप त्यांचं, शिक्षा आम्हाला. याचा पाया भक्कम आहे. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये आकड्यांनिशी मांडलं होतं की गरीब देशातल्या भातशेतीचा वायू आणि श्रीमंत देशातल्या मोटारीचा वायू एका तागडीत घालू नका. मला हे शंभर टक्के पटतं. डिसेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने पॅरिस परिषदेच्या रेल्वेरुळांवर ठाण मांडून बसलेला भारत नावाचा हत्ती व्यंगचित्रात काढला, तेव्हा माझंही डोकं तापलं होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत कोळशाबद्दलचे शब्द शेवटच्या क्षणी सौम्य झाले, 'टप्प्याटप्प्याने बंद'चं 'टप्प्याटप्प्याने कमी' झालं. पाश्चात्त्य वृत्तपत्रांत भारत खलनायक, आपल्याकडे भारत विकसनशील देशांचा कैवारी. तोच 'कमी'वाला शब्द तीनच दिवस आधी अमेरिका आणि चीनच्या संयुक्त निवेदनात होता, हे दोन्हींकडे बारीक अक्षरात.

पण ही चौकट फक्त परदेशाच्या पानावर वापरली की काय होतं? हवामान हा देशाभिमानाचा विषय होतो, गल्लीचा होत नाही.

याची उलट बाजूही सांगायला हवी. २०२२ मध्ये पाकिस्तानात सव्वातीन कोटींहून अधिक लोकांना पुराचा फटका बसला. तिथल्या वृत्तपत्रांनी जगाला बजावलं की आमचा कर्बवायूंतला वाटा एक टक्क्याहून कमी आहे. खरं होतं. पण त्याच इंग्रजी वृत्तपत्रांतल्या काही लेखकांनी सरकारला हेही विचारलं की स्वात नदीच्या पात्रात हॉटेलं बांधायला परवानगी कोणी दिली. कारण तापमानवाढ ही सत्ताधाऱ्यांना फार सोयीची ढाल आहे. आपल्याकडेही ती आता हातात आली आहे. पूर्वी पूर आला की साहेब 'चौकशी करू' म्हणायचे. आता म्हणतात, 'ढगफुटी झाली, क्लायमेट चेंज आहे, आम्ही काय करणार?' आणि तुम्ही ते अवतरणचिन्हांत छापता. उलटून एकही प्रश्न नाही: ढगफुटी म्हणजे वीस-तीस चौरस किलोमीटरवर तासाला १०० मिलिमीटर, ती कुठल्या केंद्रावर मोजली? मोजली नसेल तर त्यावर तुमचा एक लाडका शब्द आहे, 'ढगफुटीसदृश'. सदृश! आमच्या पुस्तिकेत 'शॉकसदृश झटका' असं लिहिलं तर मला काम मिळणार नाही.

आता त्या मूळ शब्दाकडे येते, कारण तो मला सर्वांत जास्त खुपतो.

हिंदीवाल्यांकडे मौसम वेगळा आणि जलवायु वेगळं. बंगालीतही जलवायु आहे. मराठीत काय? शाळेच्या भूगोलात आपण सगळे शिकलो: आजची, या तासाची स्थिती ती हवा, वर्षानुवर्षांची सरासरी ते हवामान. परीक्षेत 'फरक स्पष्ट करा' म्हणून यायचं. पुस्तकाने केलेला हा फरक वृत्तपत्राने पुसला. रोज 'आजचे हवामान' छापायचं आणि एक दिवस 'हवामान बदल' लिहायचं, तर वाचकाने काय समजावं? हवामान तर रोजच बदलतं. सकाळी ढग, दुपारी ऊन. माझ्या मावशीला 'हवामान बदल' म्हटलं की पाचगणी आठवते, लहानपणी खोकला झाला की तिथे हवापालटाला नेत. शासनाने खात्याच्या नावात 'वातावरणीय बदल' घातलं, काही जण 'ऋतुबदल' लिहितात, काही सरळ 'क्लायमेट चेंज'. एका अंकात तीन शब्द मी मोजले आहेत. अमेरिकेत शब्द मऊ करायला पगारी सल्लागार लागला. आपण फुकटात करून बसलो.

'लहरी निसर्ग', 'वरुणराजाची कृपा', 'सूर्य आग ओकतोय' ही मंडळीही आहेतच. मला ती आवडतात, कवितेत. बातमीत ती आली की कर्ता निसर्ग होतो, आणि निसर्गाला काही जाब विचारता येत नाही. बळीराजाच्या बातमीत तर हे हमखास. शेतीला वाहिलेलं अ‍ॅग्रोवनसारखं दैनिक मराठीत २००५ पासून निघतं, ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे. तिथला वाचक मिलिमीटर, आर्द्रता, वाऱ्याचा वेग सगळं वाचतो. मग शहरातल्या वाचकालाच चमच्याने भरवायचं कारण काय?

छायाचित्रांचं एक उदाहरण देते आणि पुढे जाते. मार्च २०२२ हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. तुमच्या पानांवर स्कार्फ गुंडाळून स्कूटरवर निघालेल्या मुली, रसवंतीगृह, आणि प्राणिसंग्रहालयात आंघोळ करणारा हत्ती. हत्ती दर वर्षी येतो, मला त्याचा राग नाही. १३ मे २०२२ ला केंद्राने गव्हाची निर्यात बंद केली, कारण भाव चढले होते, आणि उन्हाने दाणा सुकून पीक घटलं होतं. ही बातमी अर्थकारणाच्या पानावर. त्याच महिन्यात शास्त्रज्ञांनी सांगितलं की भारत-पाकिस्तानातली ती उष्णतेची लाट तापमानवाढीमुळे ३० पट अधिक संभवनीय झाली होती. ही मला फक्त जर्मन वृत्तपत्रात नीट वाचायला मिळाली. उत्तर भारतातल्या गव्हाबद्दल पुण्यातल्या बाईने जर्मनमध्ये वाचायचं!

पुण्यातल्या, हे मुद्दाम म्हणते. आणि इथे माझा राग खरा चढतो. हवामान विभागाचं 'सिमला ऑफिस' १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरला त्या चौकातून तुमचे निम्मे बातमीदार रोज जात असतील. पाषाणला आयआयटीएम आहे, उष्णकटिबंधातल्या हवामानाचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची संस्था. देशाच्या हवामानाचा पहिला सविस्तर सरकारी अहवाल २०२० मध्ये तिथूनच निघाला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या पावसाचं प्रमाण १९५० ते २०१५ मध्ये सुमारे ७५ टक्क्यांनी वाढलं. त्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारतात मोठ्या टापूवर एकदम कोसळणारे असे पाऊस तिपटीने वाढले, आणि त्यांना बाष्प पुरवणारा वारा अरबी समुद्रावरून येतो. जगभरातले पत्रकार या लोकांना फोन करतात. सहकारनगरहून पाषाणला रिक्षाने जाता येतं. तरी २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याची एकतानगरी पाण्यात गेली तेव्हा मी जे वाचलं त्यात धरणातून किती क्युसेक सोडले यावरून दोन खात्यांची भांडणं होती, आणि आभाळातून इतकं का पडलं हा प्रश्न नव्हता. क्युसेकचा प्रश्न चुकीचा नव्हता. तो एकटा होता.

एखाद्या रात्रीचा एखादा पाऊस तापमानवाढीने पडला असं सरळ म्हणता येत नाही, हे मलाही कळतं. आंबिल ओढ्याच्या त्या रात्रीबद्दल मी तसं म्हणतही नाही. ओढा अरुंद केला तो माणसांनी, इथल्याच. पण असे पाऊस वाढणार हे पाषाणला माहीत असताना नाल्याचा पाइप जुन्या पावसाच्या हिशेबाने टाकला जातो, हा प्रश्न शहराच्या पानाचा आहे. तो विचारायला तिन्ही पानांच्या माणसांनी एका टेबलावर बसावं लागेल.

मागण्या सांगते. फार नाहीत.

हवा आणि हवामान हे दोन शब्द शाळेच्या पुस्तकासारखे वेगळे वापरा. 'आजची हवा' छापा. चार दिवस विचित्र वाटेल, पाचव्या दिवशी सवय होईल. 'हवामान बदल' की 'वातावरणीय बदल' की आणखी काही, ते एकत्र बसून एकदा ठरवा आणि ठरवलेलं वाचकांसमोर छापा.

पावसाच्या प्रत्येक मोठ्या बातमीत पहिल्या दोन परिच्छेदांत केंद्राचं नाव, किती तासांत किती मिलिमीटर, आणि त्या महिन्याची सरासरी. आकडा नसेल तर ढगफुटी नाही, सदृशही नाही. साहेबांनी क्लायमेट चेंजचं नाव घेतलं तर त्यांना तिथल्या तिथे विचारा की मग नव्या पुलाचं, नाल्याचं डिझाइन कुठल्या पावसाचं धरलंय.

तुमच्यापैकी प्रत्येकाकडे क्रिकेटला किमान एक माणूस आहे. हवामानाला पूर्णवेळ एक द्या. त्याला शहर, शेती आणि परदेश तिन्ही पानांवर लिहायची मुभा असू द्या.

जाहिराती बंद करा असं म्हणत नाही. कागद महाग झाला आहे, मला कळतं. पण नदी-ओढ्याकाठच्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते छापायची अट घाला. आणि पुरवणीतला पैसे घेतलेला मजकूर असेल तर वर 'जाहिरात' असं वाचता येईल एवढ्या टाइपात. भिंग घेऊन बसायचं वय झालंय आमचं.

आणि एक लहानशी गोष्ट, जिला पैसाही लागत नाही. पावसाळ्यात तुम्ही रोज चौकट छापता: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, आज किती टीएमसी, गेल्या वर्षी याच दिवशी किती. अब्ज घनफूट हे एकक जगात किती शहरांतल्या पानवाल्याला कळत असेल? पुण्यात कळतं. साखळी २९ टीएमसीला भरते हे आमच्या कामवाल्या ताईंनाही पाठ आहे, आणि ते सरकारने शिकवलेलं नाही, तुम्ही शिकवलंत, रोज छापून छापून. त्याच चौकटीत खाली आणखी एक ओळ टाका: हवेतला कार्बन डायऑक्साइड. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ मध्ये मोजायला लागले तेव्हा दहा लाखांत ३१५ भाग होता. मे २०२५ च्या सरासरीने ४३० ओलांडले. शेजारी 'गेल्या वर्षी याच दिवशी'. दोन पावसाळ्यांत हा आकडाही पाठ होईल, आणि पुणेकर त्यावर कट्ट्यावर वाद घालायला लागतील, जो त्यांचा जन्मसिद्ध हक्क आहे.

बंद केलेलं अर्धं पान परत सुरू करा ही मागणी मी करणार होते, खोडली. ज्या पानावर पर्यावरणाला वेगळं बसवलं होतं, तिथे ते पंक्तीबाहेरच्या पाहुण्यासारखंच होतं. पान नको. पंगतीत बसवा.

बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. वाळवलेली कात्रणं नव्या प्लास्टिकच्या पेटीत, माळ्यावर. तुमचं वृत्तपत्र ते अजून कात्रीसह वाचतात. हे पत्र कोणी छापणार असाल तर लांबीमुळे काटछाट करावी लागेल, करा. पाचगणी काढा, हत्ती काढा, माझं जर्मनही काढा. मिलिमीटर राहू द्या.

आपली,
एक जुनी वर्गणीदार
सहकारनगर, पुणे